दैनिक पवित्र शास्त्रवाचन आणि मराठी ख्रिस्ती परंपरा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याला ग्रंथपारायण नवे नाही. शेगावच्या परिसरात दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथाचे पारायण असंख्य घरांतून चालते. वारकरी कुटुंबांत हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी यांचे नित्यवाचन असते. चिखली–खामगाव मार्गावरील अमडापूरसारख्या गावाचे धार्मिक वातावरण या वाचनसंस्कारातून घडलेले आहे. याच जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाझरीन मिशनचे कार्य झाले आणि पवित्र शास्त्राचे दैनिक वाचन करणारी ख्रिस्ती कुटुंबेही येथील समाजजीवनाचा भाग बनली. या दैनिक वाचनाचे स्वरूप काय आहे, त्यातून विश्वासणाऱ्यास कोणता बोध मिळतो आणि मराठी ख्रिस्ती परंपरेच्या कसोटीवर तो कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दैनिक वाचनाच्या पद्धती

दैनिक शास्त्रवाचनाच्या स्थूलमानाने दोन पद्धती दिसतात. पहिली सलग वाचनाची. प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचल्यास वर्षभरात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. स्कॉटलंडमधील रॉबर्ट मरी मॅकशेन या पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेले वार्षिक वेळापत्रक या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसरी पद्धत निवडक वचनाची. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरेव्हियन मंडळीने १७३१ पासून प्रत्येक दिवसासाठी एक वचन देणारी पुस्तिका छापण्यास आरंभ केला. आजच्या ‘दैनंदिन मनन’ पुस्तिकांची रचना पुष्कळ अंशी याच वळणाची आहे : एक वचन, त्यावर परिच्छेदभर विवेचन, शेवटी बोध आणि प्रार्थना.

दुसऱ्या पद्धतीचे मोल नाकारता येत नाही. दिवसभर शेतात किंवा नोकरीत राबणाऱ्या माणसाला एक वचन पाठ करणे शक्य असते आणि संकटसमयी तेच त्याच्या ओठावर येते. तथापि, नव्या कराराची आज रूढ असलेली वचनविभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये केलेली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. संदर्भ शोधण्याच्या सोयीसाठी आखलेली रेघ अर्थाची सीमा मानली गेली, की वाचन सदोष होऊ लागते.

संदर्भाचा प्रश्न

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन हे याचे बोलके उदाहरण आहे. देवाने आपल्या लोकांसाठी हिताचे संकल्प केले असून त्यांना आशादायी भविष्य दिले आहे, असा त्याचा आशय. परीक्षा, नोकरी, विवाह अशा प्रसंगी ते आवर्जून दिले जाते. परंतु मूळ मजकूर बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना लिहिलेले पत्र आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत स्पष्ट सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांनी परक्या भूमीत घरे बांधावीत, मळे लावावेत आणि ज्या नगरात नेले गेले त्याच नगराचे हित चिंतावे, असा आदेश पाचव्या ते सातव्या वचनांत आहे.

याहून महत्त्वाची बाब आधीच्या अध्यायात आहे. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे सांगतो आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. अकरावे वचन तात्काळ यशाची हमी म्हणून वाचणारा वाचक त्यामुळे नकळत यिर्मयाच्या नव्हे, तर हनन्याच्या बाजूला जाऊन बसतो. संदर्भ सुटल्याने केवळ अर्थ निसटतो असे नाही. कित्येकदा तो उलटा होतो.

या उलट्या अर्थाची किंमत बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अधिक मोजावी लागते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. पीक बुडालेल्या कुटुंबास ‘विश्वास ठेवा म्हणजे भरभराट होईल’ एवढाच बोध रोज मिळत राहिला, तर नुकसानीवर अपराधभावाचे ओझे चढते. आपलाच विश्वास उणा पडला, असे त्याला वाटू लागते. वास्तविक स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापस्तोत्रांची संख्या फार मोठी आहे. ईयोबाचे पुस्तक तर देवाला जाब विचारणाऱ्या नीतिमान माणसाचेच आहे. सांत्वनपर वचनांची निवड करताना हा भाग वगळला गेला, तर विश्वासणाऱ्याला आपले दुःख देवापुढे मांडण्याची शास्त्रातील भाषाच हाती येत नाही.

मराठी परंपरेतील तीन आदर्श

मराठी ख्रिस्ती परंपरेत शास्त्रग्रहणाचे तीन वेगळे आदर्श आढळतात. पहिला श्रवणाचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. तारणाची कथा आरंभापासून सलग सांगणारा हा ग्रंथ नवख्रिस्ती समाजाला ऐकवला जाई. येथे वचन कथेपासून तुटत नाही. श्रोत्याला पुराणश्रवणाची सवय आधीच होती. स्टीफन्स यांनी तिचाच उपयोग केला.

दुसरा आदर्श गायनाचा. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजन यांच्या वळणाने ख्रिस्तभक्ती मराठी घरात आणली. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. येथे बोध वेगळा काढून सांगावा लागत नाही. तो पुन्हा पुन्हा गाण्यातून अंगी मुरतो.

तिसरा आणि सर्वांत कठोर आदर्श पंडिता रमाबाईंचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळावरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. १९२२ मध्ये निधनापूर्वी त्यांनी हे काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुरता ग्रामीण स्त्रियांना अडसर ठरते, असे त्यांचे मत होते. शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावर न थांबता वाचकाने स्वतः समजून घ्यावे, ही भूमिका त्यामागे होती. हा अनुवाद मंडळ्यांच्या सर्वसाधारण उपासनेत रूढ झाला नाही. मूळनिष्ठेमुळे त्याची भाषा ठिकठिकाणी खडबडीत झाली आणि कानाला परिचित शब्द टाळल्याने वाचकाशी अंतर पडले, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही साध्या वाचकाच्या आकलनशक्तीवरील रमाबाईंचा विश्वास मोलाचा ठरतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ याच प्रेरणेचे अलीकडचे रूप म्हणता येईल.

निष्कर्ष

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक हबशी अधिकारी रथात यशयाचा ग्रंथ वाचत असतो. वाचतोस ते समजते काय, असे फिलिप्प त्याला विचारतो. तो मोकळेपणाने आपले अज्ञान कबूल करतो आणि फिलिप्पाला आपल्याशेजारी बसवून घेतो. वाचनातून बोध कसा जन्मतो, याचे हे नेमके चित्र आहे : आधी मजकूर, मग प्रश्न, मग सोबत, आणि शेवटी निर्णय. दैनंदिन मननाच्या पुस्तिकेत बोध प्रश्नाच्या आधीच तयार असतो, ही तिची मुख्य उणीव होय.

यावर अध्यायांची संख्या वाढवणे हा उपाय नव्हे. वेळापत्रक पुरे करण्याच्या घाईत सलग वाचनही यांत्रिक होऊ शकते. वारकरी परंपरेनेही वाचलेल्या ओव्यांच्या गणतीपेक्षा अनुभवाला अधिक मोल दिले आहे. पुस्तिकेतील वचन वाचल्यावर तो संपूर्ण अध्याय घरात मोठ्याने वाचावा, तो कोणी, कोणाला आणि कोणत्या स्थितीत लिहिला हे विचारावे, आणि विलापाची स्तोत्रेही आनंदाच्या स्तोत्रांइतक्याच नियमाने वाचावीत, एवढे केले तरी दैनिक वाचनाचे स्वरूप पालटू शकेल. स्टीफन्सांची सलग कथा, टिळकांचे गायन आणि रमाबाईंची चिकित्सा ही तिन्ही मराठी विश्वासणाऱ्याचीच ठेव आहे. ती बाजूस सारून केवळ तयार बोधावर विसंबणे म्हणजे घरची विहीर सोडून विकतच्या पाण्यावर तहान भागवण्यासारखे आहे.