चार बटणांचं घड्याळ

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांचा 'स्टेटचार्ट्स' या आकृतिपद्धतीवरचा निबंध जून १९८७ मध्ये 'सायन्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नियतकालिकात आला. गुंतागुंतीच्या यंत्रणांचं वागणं चित्रात कसं मांडायचं, हा त्याचा विषय. विषय रुक्ष वाटेल, पण हॅरेल यांनी त्याचं नायकपद दिलंय एका मनगटी घड्याळाला: सिटिझनचं क्वार्ट्झ मल्टी-अलार्म थ्री. त्याला ए, बी, सी, डी अशी चार बटणं आहेत, आणि त्या चार बटणांवर वेळ, तारीख, दोन गजर, तासाचा टोला, स्टॉपवॉच आणि दिवा एवढा संसार चालतो. हॅरेल हे घड्याळ निबंधभर तुकड्यातुकड्यानं रेखाटत जातात आणि शेवटी ते एकाच आकृतीत अख्खं उभं करतात. ती आकृती मी पुन्हा पुन्हा वाचतो. 'वाचतो' असंच म्हणेन, कारण बंदिशीच्या स्वरलिपीसारखी ती डोळ्यांनी वाजवावी लागते.

निबंधाचं मूळ मात्र घड्याळात नाही, लढाऊ विमानात आहे. डिसेंबर १९८२ पासून हॅरेल इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजच्या 'लावी' विमानाच्या अभियंत्यांबरोबर सल्लागार म्हणून बसू लागले. विमानानं कसं वागावं याचं वर्णन जाडजूड खंडांमध्ये लिहिलेलं होतं. दांड्यावरचं अमुक बटण अमुक परिस्थितीत दाबलं तर काय होईल, असं विचारलं की एका पानावर एक उत्तर मिळायचं आणि शेकडो पानं पुढे वेगळंच. हॅरेल यांनी त्या वागण्याची चित्रं फळ्यावर काढायला सुरुवात केली. त्यांनीच नंतर लिहिलंय की एकदा त्या गटाबाहेरचा एक वैमानिक तिथे आला, फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला की हा बाण चुकलाय, तो तिकडे जायला हवा. गणित किंवा प्रोग्रॅमिंग यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. तरी त्याला चित्र वाचता आलं आणि त्यातली चूकही दिसली. या वैमानिकाकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता आकृतीकडे. अवस्था म्हणजे वर्तुळ आणि घटना म्हणजे बाण, ही रीत जुनीच होती. तिचा दोष असा की यंत्र जरा मोठं झालं की वर्तुळं बेसुमार वाढतात. घड्याळाचंच घ्या. पहिला गजर चालू किंवा बंद, दुसराही तसाच. टोला बंद, चालू पण गप्प, किंवा वाजत असलेला. दिवा लागलेला किंवा विझलेला. बॅटरी ठीक किंवा अशक्त. एवढ्यानंच २ × २ × ३ × २ × २ म्हणजे ४८ वर्तुळं होतात. दर्शनी भागाच्या नुसत्या २० अवस्था धरल्या, तर ९६०. हॅरेल इथे एक तुटक रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं जग एकाच वेळी चालू असतं, पण आपापल्या तंद्रीत. ४८ च्या जागी ११ अवस्था पुरतात, ९६० च्या जागी ३१. गुणाकाराची बेरीज करणारी ही रेघ मला सगळ्या आकृतीतली सर्वांत सुंदर रेघ वाटते.

दुसरी गोष्ट चौकटीतल्या चौकटींची. सगळ्यात बाहेर दोनच अवस्था: घड्याळ जिवंत किंवा मृत. बॅटरी काढली की 'मृत'कडे जाणारा बाण आतल्या कुठल्याही अवस्थेतून निघत नाही, तो मोठ्या चौकटीच्या कडेवरून निघतो. आत तुम्ही तारीख पाहत असा नाहीतर गजर लावत असा, हा एक बाण सगळ्यांना लागू. जुन्या रीतीत तो प्रत्येक वर्तुळातून वेगळा काढावा लागला असता, आणि एखादा हमखास राहिला असता. स्टॉपवॉचच्या तोंडाशी एक छोटं वर्तुळ आहे, त्यात 'एच' हे अक्षर. 'एच' म्हणजे हिस्टरी: मागच्या वेळी जिथून निघालात तिथेच परत या. एका अक्षरात यंत्राला आठवण दिलेली आहे.

पण मी ज्या जागी नेहमी थबकतो ती अगदी किरकोळ दिसते. वेळ दिसत असताना सी बटण दाबलं तर घड्याळ वेळ बदलण्याच्या अवस्थेत लगेच जात नाही. मध्ये 'वेट' नावाची एक इवलीशी अवस्था आहे. बोट दोन सेकंद तसंच राहिलं तर पुढे जायचं, आधी उचललं तर मुकाट्यानं मागे यायचं. घड्याळाच्या पडद्यावर या अवस्थेला वेगळा चेहरा असायची गरजही नाही. दाबलेला पण अजून न ठरलेला अंगठा, एवढंच तिचं अस्तित्व. एरवी हे 'थोडा वेळ दाबून धरा' असं कुठेतरी कोपऱ्यात लिहिलं गेलं असतं. हॅरेल यांनी त्या थोड्या वेळाला नाव दिलं, घर दिलं आणि बाहेर पडायच्या दोन वाटा दिल्या. बाहेरच्या चौकटींचे बाण सोडले तर तिसरी वाट नाही, म्हणजे तिसरं काही घडू शकत नाही. या आकृतीचा खरा अर्थ न काढलेल्या बाणांत आहे असं मला वाटतं. काय घडतं ते कुठलंही माहितीपत्रक सांगेल. काय घडूच शकत नाही, ते ही आकृती सांगते.

आजच्या स्क्रीनवरचं पैसे भरायचं बटण घ्या. प्रोग्रॅमर बहुधा त्याच्यासाठी चार झेंडे ठेवतो: काम चालू आहे का, यशस्वी झालं का, फसलं का, बटण बंद आहे का. चार होय-नाहींच्या १६ जोडण्या होतात. खऱ्या आयुष्यात त्यांतल्या चारच अर्थाच्या: निवांत, पाठवतोय, झालं, फसलं. उरलेल्या बारा कोणी ठरवून केलेल्या नसतात, पण त्या घडतात. 'व्यवहार अयशस्वी' अशी लाल ओळ आणि तिच्याखाली अजून फिरणारं चक्र, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. घाबरून दुसऱ्यांदा बटण दाबणारा माणूस इथेच तयार होतो. तेच बटण स्टेट मशीन म्हणून, म्हणजे अवस्था आणि बाणांत, मांडलं की 'पाठवतोय'मधून 'दाबलं' या घटनेचा बाणच नसतो, त्यामुळे दुसऱ्या दाबण्याला जायला जागा उरत नाही. इयन हॉरॉक्स यांनी १९९९ मध्ये स्टेटचार्टनं स्क्रीन कसे बांधावेत यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे डेव्हिड खुर्शीद यांच्या 'एक्सस्टेट' या लायब्ररीमुळे हा विचार जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाताशी आला.

चाचणीचा लाभ तर मला अजूनच मोलाचा वाटतो. वागणं आकृतीत असलं की सुरुवातीपासून प्रत्येक अवस्थेपर्यंतच्या वाटा संगणक स्वतः शोधतो. माणसानं एवढंच लिहायचं, की या अवस्थेत स्क्रीनवर काय दिसायला हवं. 'पाठवतोय' असेल तर चक्र दिसावं आणि बटण दबता कामा नये. उद्या 'रद्द' नावाची अवस्था वाढवली तर तिच्याकडे जाणाऱ्या वाटा आपसूक चाचणीत येतात. फसलं, पुन्हा दाबलं, पुन्हा फसलं, मग झालं, अशी आडवाट माणूस सहसा तपासत नाही. यंत्र कंटाळत नाही.

निबंधाला मी निर्दोष म्हणणार नाही. तुटक रेघांनी पाडलेल्या एका रकान्यातली घटना बाकी सगळ्यांना एकदम ऐकू जाते, ही सोय हॅरेल यांनी दिली, पण एकाच क्षणी दोन घटना आल्या तर आधी कोण, याचं काटेकोर उत्तर दिलं नाही. परिणामी १९९४ पर्यंत स्टेटचार्टच्या वीसेक पोटभाषा झाल्या होत्या, आणि तेच चित्र प्रत्येकीत थोडं वेगळं वागायचं. ही उणीव मोठी आहे. शिवाय आकृतीच चुकीची असेल तर चाचण्या त्या चुकीचीही इमानानं राखण करतात. तिथे तो वैमानिकच हवा. आकृती फक्त प्रोग्रॅमरपुरती राहिली तर तिचं अर्धं बळ वाया जातं. बँकेच्या काउंटरवरची बाई, रुग्णालयातली परिचारिका, तिकीट खिडकीवरचा कारकून यांच्यासमोर ती मांडायला हवी.

लावी विमान इस्रायलच्या मंत्रिमंडळानं ऑगस्ट १९८७ मध्ये, निबंध छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, रद्द केलं. घड्याळाची आकृती शिल्लक आहे. स्क्रीन बांधणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा समोर ठेवून बसावं, आणि सगळ्यात आधी ती 'वेट' नावाची छोटी चौकट शोधावी.