फळावरचा पांढरा ठिपका

ठाण्यातल्या प्रदर्शनांत तैलरंगातलं फळांचं छोटं स्थिरचित्र दिसलं, की मी आधी त्यावरचा पांढरा ठिपका शोधतो. ही सवय हाताला लागते ती इंटरमिजिएटच्या तयारीपासून. जलरंगात ते निभतं, तिथे कागदाचाच पांढरा राखायचा असतो. तैलरंगात तो वरून लावावा लागतो, आणि मग सफरचंद, पेरू, चिकू सगळ्यांना एकच ठिपका मिळतो. चिकूची साल कुठे चकाकते?

१९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले के. एच. आरा तर जलरंगही तैलरंगासारखा दाट लावत. त्यांच्या स्थिरचित्रांत वस्तू रंगाच्या वजनानं टेबलावर बसतात, चकाकीनं नव्हे. तीन चिकू रंगवणाऱ्यानं पांढऱ्याची ट्यूब जरा लांबच ठेवावी. चिकूवरचा उजेड यलो ऑकरमधूनही निघतो.