उद्योगाचा लौकिक आणि ‘किर्लोस्कर खबर’

उद्योगसंस्थेचे नाव आणि तिची सामाजिक मूल्ये यांचा संबंध तपासताना बहुधा जाहिरातीचाच विचार होतो. तो किती अपुरा आहे, हे किर्लोस्करवाडीच्या उदाहरणावरून दिसून येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात ही वसाहत वसविली. तेथे अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूतही त्यांना दूर करावी लागली.

शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची गृहपत्रिका. पुढे मात्र तिने रूढी आणि अंधश्रद्धा यांवर टीकेचे शस्त्र धरले. १९३० साली ‘स्त्री’ मासिक तिच्या जोडीला आले. ज्या समाजाला नांगर विकावयाचे, त्याच्याच श्रद्धांना धक्का देणे व्यापारदृष्ट्या धोक्याचे होते. परंतु हा धोका पत्करल्यामुळेच त्या नावास विश्वासार्हता लाभली. ज्या मूल्यापायी काहीच पणाला लागत नाही, ते जाहिरातीची केवळ शोभा ठरते.

तथापि एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. वाडीतील सुधारणा बहुतांशी मालकाच्या इच्छेवर अवलंबून होती. आणि औदार्य म्हणजे हक्क नव्हे. म्हणून आज ज्यास ‘ब्रँड’ म्हणतात, त्याचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारणे प्राप्त आहे : या मूल्यासाठी संस्थेने काय पणाला लावले? आणि तिच्या कामगारास ते हक्काने मागता येते काय?