बंड गेलं, सूड उरला

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी, ब्रिटिश संसदेच्या अगदी समोर, बूडिका या बंडखोर राणीचा रथ उधळला आहे. थॉमस थॉर्निक्रॉफ्टने हे शिल्प १८५०च्या दशकात हाती घेतलं. तो १८८५ मध्ये वारला आणि ब्राँझचा पुतळा जागेवर उभा राहिला १९०२ मध्ये. घोड्यांना लगाम नाहीत, चाकांना मात्र धारदार पाती आहेत. असा पात्यांचा रथ ब्रिटनच्या मातीत उत्खनकांना कधी मिळालेला नाही. चौथऱ्यावर अठराव्या शतकातल्या विल्यम कूपरच्या ओळी आहेत. राणीच्या वंशजांना रोमहूनही विस्तीर्ण राज्य मिळेल, असा त्यांचा आशय. साम्राज्याविरुद्ध उठलेल्या बाईला साम्राज्यानेच कुलदेवता करून बसवलं, आणि तेही झाशी पडल्यानंतर सुमारे चार दशकांनी!

बूडिकावरच्या कलाकृती चारशे वर्षं होत आहेत, पण त्यांत बूडिकाचं बंड क्वचितच सापडतं. सापडतो तो सूड.

बंड झालं इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये. आजच्या नॉरफकच्या भागातल्या आयसेनी टोळीचा राजा प्रासुटागस मेला. आपलं राज्य त्याने दोन मुली आणि सम्राट नीरो यांच्या नावे लिहून ठेवलं होतं. रोमन अधिकाऱ्यांनी मृत्युपत्र गुंडाळून ठेवलं, राज्य लुटलं, राणी बूडिकाला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. नाटक-सिनेमे इथे थांबतात आणि थेट तलवार उपसतात. पण शेजारचे ट्रिनोवँटिस का उठले? निवृत्त रोमन सैनिकांनी कॅमुलोडनममध्ये, म्हणजे आजच्या कोल्चेस्टरमध्ये, त्यांच्या जमिनी आणि घरं बळकावली होती. क्लॉडियसच्या देवळाचं पुरोहितपद स्थानिकांच्या गळ्यात मारून त्या नावाखाली त्यांना नागवलं जात होतं. रोमन इतिहासकार डिओ तर सांगतो, की तत्त्वज्ञ सेनेकाने ब्रिटनमध्ये दिलेलं चार कोटी सेस्टर्सचं कर्ज एकदम परत मागितलं. साधेपणावर निबंध लिहिणारा हा गृहस्थ सावकार म्हणून रंगमंचावर आला तर काय बहार येईल!

जॉन फ्लेचरचं ‘बॉन्डुका’ (सुमारे १६१३) हे या परंपरेतलं आरंभीचं ठळक नाटक. त्यात राणी नावापुरती. खरा नायक कॅराटॅक. इतिहासातला कॅराटॅकस बंडाच्या दशकभर आधीच कैद होऊन रोमला गेला होता, फ्लेचरने त्याला परत आणलं. का, तर बायकांना युद्धातलं कळत नाही हे राणीला सुनावायला आणि शत्रूच्या शौर्याची तारीफ करायला कुणीतरी पुरुष हवा होता. टेनिसनची कविता छंदाच्या कसरतीसाठी लक्षात राहते, एवढंच.

कादंबरीने थोडी अधिक हिंमत केली. रोझमेरी सटक्लिफच्या ‘साँग फॉर अ डार्क क्वीन’मध्ये (१९७८) राणीचा वीणावादक गोष्ट सांगतो. ही युक्ती वरवरची नाही. बूडिकाबद्दल लिखित असं जे आपल्याकडे आहे, ते टॅसिटस आणि डिओ या इतिहासकारांचंच, दोघेही रोमच्या बाजूचे. तिच्या तोंडची तडफदार भाषणंसुद्धा त्यांनीच रचलेली, आणि तीच नाटककार तिची म्हणून वापरत आले. झाशीच्या राणीला वेढ्याच्या दिवसांत शहरात असलेला वरसईचा गोडसे भटजी तरी मिळाला. बूडिकाला तसा कुणी नाही. सटक्लिफने तो कल्पनेने पुरवला. मँडा स्कॉटने २००३ ते २००६ मध्ये चार जाडजूड खंड लिहिले. टोळीचं जगणं त्यांत भरघोस आहे, पण स्वप्नं आणि दृष्टान्त इतके, की रोमन करवसुलीला जागाच उरत नाही.

चित्रपटांबद्दल थोडक्यात आटोपतो. २००३चा अॅलेक्स किंग्स्टनचा टीव्हीपट निदान नीरोच्या दरबारात डोकावतो. २०२३चा ओल्गा कुरिलेंकोचा चित्रपट म्हणजे जखमी आईचा बदला आणि भरपूर रक्त. लंडिनियम, म्हणजे आजचं लंडन, बंडखोरांनी जाळलं तेव्हा मेले कोण, हा प्रश्न असल्या चित्रपटांना झेपत नाही. सुभेदार सुएटोनियस पॉलिनसने शहर वाऱ्यावर सोडलं, आणि जे त्याच्यासोबत चालू शकले नाहीत ते म्हातारेकोतारे, बायका मागे राहून कापले गेले. टॅसिटस कॅमुलोडनम, लंडिनियम आणि व्हेरुलेमियम या तीन शहरांतल्या मृतांचा आकडा सत्तर हजार देतो. तो फुगवलेला असेल, पण कत्तल झाली हे खरं. नायिकेच्या हातून हे घडलं, हे दाखवल्याशिवाय शोकांतिका कशी व्हायची?

२०१७ मध्ये ग्लोब थिएटरमध्ये आलेलं ट्रिस्टन बर्नेसचं ‘बूडिका’ मला या रांगेत उजवं वाटतं. पद्य आणि शिव्या एकत्र नांदवण्याचा त्याचा हट्ट कधी कधी जमतो, कधी फसतो. पण टॅसिटसने ज्यांची नावंही नोंदवली नाहीत, त्या दोन मुलींना इथे नावं आहेत आणि रोमशी कसं वागावं याबद्दल दोघींची मतं वेगळी आहेत.

सध्या मात्र रंगभूमीपेक्षा संग्रहालयं पुढे आहेत. २०१४ मध्ये कोल्चेस्टरमधल्या एका दुकानाच्या जागी जळक्या थराखालून दागिने निघाले. शहर पेटण्यापूर्वी कुणीतरी ते घाईने जमिनीत पुरले होते. लंडनमध्ये सापडलेल्या लाकडी पाट्यांपैकी एक जानेवारी ५७ची: १०५ दिनारियसच्या देण्याची कबुली. दुसरी ऑक्टोबर ६२ची: व्हेरुलेमियमहून लंडनला वीस खेपा माल आणण्याचा करार. राख झालेल्या दोन शहरांत व्यापार इतक्या लवकर सुरू झाला होता. कर्ज आणि माल हाच या बंडाचा आगापिछा, आणि तो काचेच्या कपाटात वाचता येतो.

ब्रिटिश म्युझियममध्ये क्लासिशियानसची समाधिशिलाही आहे. बंड मोडल्यानंतर आलेला हा महसूल अधिकारी. पॉलिनस सूडाने गावं उजाड करत असताना त्याने रोमला कळवलं, की हा सुभेदार असेपर्यंत लढाई संपणार नाही. टॅसिटसला तो आवडत नाही, पण त्याचंच वर्णन वाचताना नाटकाचा तिसरा अंक समोर उभा राहतो. नीरोने चौकशीला पाठवला पॉलिक्लिटस, एकेकाळचा गुलाम, सोबत भलामोठा लवाजमा. रोमन सैन्य त्याच्यापुढे दबून होतं. आणि हरलेले ब्रिटन त्याला हसत होते: एवढं युद्ध जिंकणारा सेनापती एका गुलामाचा हुकूम मानतो, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.