‘टेक’ ह्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि कोशकारांची गणना

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशात ‘टेक’ ह्या एकाच क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदविले आहेत. इंग्रजीच्या अर्थसमृद्धीचा पुरावा म्हणून असे आकडे पुष्कळदा पुढे केले जातात. वस्तुतः हा आकडा भाषेविषयी जेवढे सांगतो, त्याहून अधिक कोशरचनेच्या पद्धतीविषयी सांगतो. शब्दाला त्याच्या सोबत्यांपासून तोडून एकटे उभे केले, की प्रत्येक नवी सोबत एक निराळा अर्थ म्हणून त्याच्याच खात्यावर जमा करावी लागते. जॉन्सनला ह्या अडचणीची पूर्ण जाणीव होती. आपल्या प्रस्तावनेत त्याने अशा सर्वसंचारी क्रियापदांविषयी कैफियत मांडली आहे. क्रियापदापुढे अव्यय येऊन होणाऱ्या रचना परकीयांना फार अवघड जातात, हे सांगताना त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ही आहे. रोगाचे निदान अचूक होते. परंतु ह्या रचना त्याने मूळ क्रियापदाच्या अर्थमालिकेतच क्रमांक देऊन ओवल्या, आणि पुढील कोशकारांपैकी बहुतेकांनी तोच मार्ग चोखाळला.

ह्या सर्व अर्थांच्या मुळाशी ‘घेणे’ हा एक स्थिर अर्थ असून बाकीचे त्याचे फाटे होत, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. शब्दाचा इतिहास तिला फारसा आधार देत नाही. प्राचीन इंग्रजीत ‘घेणे’ ह्या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन ‘नेमेन’ हा त्याचाच सगोत्र. ‘टेक’ हा स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतील ‘ताका’पासून इंग्रजीत आला आणि अकराव्या शतकानंतर त्याने ‘निमन’ला हळूहळू हुसकून लावले. बधिर ह्या अर्थाचा ‘नंब’ आणि चपळ ह्या अर्थाचा ‘निंबल’ हे त्या जुन्या धातूचे आज उरलेले अवशेष होत. ‘टेक’चा मूळ अर्थ स्पर्श करणे असा असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, मध्ययुगीन इंग्रजीत हेच क्रियापद ‘देणे, हवाली करणे’ ह्या अर्थीही चालत असे. ‘बिटेक’ हे रूप त्याची साक्ष देते. घेणे आणि देणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटी नांदत असतील, तर स्थिर गाभा शोधावा तरी कोठे?

‘टेक अ वॉक’, ‘टेक अ लुक’, ‘टेक अ ब्रेथ’ ह्या प्रयोगांत फिरणे, पाहणे, श्वास घेणे हा आशय नामाचा आहे. क्रियापद केवळ काळ आणि पुरुष वाहून नेते. अशा ठिकाणी ‘टेक’चा अर्थ काय, असे विचारणे म्हणजे पालखीच्या दांड्याला देवाचे नाव विचारणे होय. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार जे. आर. फर्थ ह्यांनी १९५७ साली मांडला. तो कोशरचनेत उतरावयास मात्र तीस वर्षे लागली. जॉन सिंक्लेअर ह्यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये निघालेल्या कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष लेखनभाषणाच्या मोठ्या संग्रहाचा आधार घेतला, आणि ह्या कोशाच्या पुढील आवृत्त्यांत क्रियावाचक नामांसह होणारा ‘टेक’चा वापर आधी व इतर सर्व वापर नंतर, अशी विभागणी आली. जुन्या कोशांत जे शेपूट होते, ते येथे मस्तक झाले.

अव्ययांसह होणाऱ्या रचनांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘टेक इन’ म्हणजे निराश्रिताला आश्रय देणे, ऐकलेले समजून घेणे, एखाद्याला फसविणे आणि शिंप्याने सैल कपडा आत घेणे. ‘आत’ ही कल्पना चौघांतही शोधता येते. पण ती माहीत असलेल्या परकीयाला ‘फसविणे’ हा अर्थ आपण होऊन सुचणार नाही. उलट काही रचनांचे मूळ एखाद्या व्यवसायात सापडते व ते कळताच धूसरपणा जातो. चकित झालेल्या मनुष्याविषयी ‘टेकन अबॅक’ म्हणतात ते शिडाच्या जहाजांवरून: वारा एकाएकी समोरून येऊन शिडे डोलकाठीवर मागे दाबली गेली, की जहाज जागीच अडे. ‘टेक सिल्क’ म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरचा दर्जा मिळणे. कारण त्या दर्जाबरोबर रेशमी झगा येतो. अशी माहिती देणारी एक ओळ अर्थांच्या दहा क्रमांकांपेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडते.

१९३० साली सी. के. ऑग्डेन ह्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ची योजना मांडली, तेव्हा ह्याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. ८५० शब्द आणि त्यांत क्रियापदे अवघी अठरा, हे तिचे आकर्षण होते. ‘टेक’ त्या अठरांत आहेच. परंतु क्रियापदे कमी केली, की उरलेल्यांवरील भार वाढतो. ‘डिसीव्ह’ हा शब्द एकदा पाठ केला, की काम संपते. त्याऐवजी ‘टेक इन’ वापरावयाचे, तर चार अर्थांपैकी नेमका एक ओळखण्याचे कसब अंगी हवे. शब्दसंख्येतील ही काटकसर बरीचशी कागदावरची होती.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘टेक = घेणे’ हे समीकरण विशेष फसवे आहे. विश्रांती, शपथ, सूड, काळजी ह्या ठिकाणी ते चालते, आणि चालते म्हणूनच त्यावर नको तितका विश्वास बसतो. छायाचित्र मात्र ‘काढतात’, वेळ ‘लागतो’, एखादी गोष्ट गृहीत ‘धरतात’. परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करणारा विद्यार्थीच. आपल्याकडील इंग्रजीत विद्यार्थ्याने परीक्षा ‘गिव्ह’ केली असे वाक्य सर्रास आढळते, त्याचे कारण अज्ञान नव्हे; त्यामागे एका भाषेची सुसंगत कल्पनारीती उभी आहे.

शिवाय ‘घेणे’ स्वतःही असेच अर्थ झिजलेले क्रियापद आहे. त्याची झीज तेवढी दुसऱ्या अंगाने झाली. ‘लिहून घेणे’, ‘जेवून घेणे’, ‘समजून घेणे’, ‘डोके आपटून घेणे’ ह्यांत ते धातुसाधिताच्या मागे येऊन क्रियेचे फळ कर्त्याकडे वळविते. ‘टेक’ नामांच्या संगतीत हलका झाला, ‘घेणे’ नामांबरोबरच क्रियापदांच्याही. म्हणून इंग्रजी–मराठी कोशात ‘टेक’च्या नोंदीची सुरुवात ‘घेणे’ ह्या प्रतिशब्दाने करण्यापेक्षा परीक्षा, वेळ, छायाचित्र, निर्णय अशा सोबती-नामांच्या ओळीने केली, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीतच ‘देणे’, ‘लागणे’ आणि ‘काढणे’ ही क्रियापदे ‘घेणे’च्या बरोबरीने तेथे येऊन बसतील.