एक बंदूक व तिचें यश : कॉर्बेट यांच्या रिग्बी रायफलीच्या कीर्तीचें परीक्षण

जुन्या शस्त्रांविषयीं संग्राहकांच्या मनांत जो आदर वसत असतो, त्याची आम्ही हेटाळणी करीत नाहीं. पोथी, नाणें, ताम्रपट किंवा तलवार यांवर जीव लावणारीं माणसें नसतीं, तर इतिहासाचीं कितीतरी साधनें केव्हांच मोडींत गेलीं असतीं. परंतु प्रेमानें वस्तु टिकते, तिजविषयींचें सत्य मात्र प्रमाणानेंच ठरवावें लागतें. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे वस्तूच्या अंगीं नसलेलें यश तिला चिकटतें, व ज्याचें तें यश असतें त्याचें नांव मागें पडतें. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी रायफल व तिचें जुनें काडतूस यांविषयीं शिकारी शस्त्रांच्या भोक्त्यांत जो उत्साह आज दिसतो, तो या दृष्टीनें तपासून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. तपासाचें मुख्य साधन खुद्द कॉर्बेट यांचा ग्रंथ होय. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनें १९४४ सालीं प्रसिद्ध केला; त्यापूर्वीं १९३५ सालीं यांतील कांहीं कथा ‘जंगल स्टोरीज’ या नांवानें अवघ्या शंभर प्रतींच्या खासगी आवृत्तींत छापिल्या गेल्या होत्या.

प्रथम वस्तूचा परिचय. हें काडतूस मूळ जर्मनीच्या माउझर कारखान्याचें. तें १८९२ च्या सुमारास सिद्ध झालें व १८९३ सालीं स्पेनच्या सैन्यानें नव्या माउझर बंदुकीसह स्वीकारलें. त्याची पितळी टोपण ५७ मिलिमीटर लांब. मूळची गोळी १७३ ग्रेन वजनाची, बोथट व गोल तोंडाची. १८९८ सालीं क्यूबांतील सान हुआन टेकडीवर अमेरिकन सैन्याला, आणि १८९९ ते १९०२ या काळांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांच्या हातून इंग्रज सैन्याला, या काडतुसाचा चांगलाच अनुभव आला. युद्धांत नांव झालेलें हें काडतूस पुढें शिकारींत आलें. जॉन रिग्बी आणि कंपनी ही लंडनची पेढी माउझरची इंग्लंडांतील विक्रेती होती. माउझरचें यंत्र घेऊन त्यावर ती आपल्या घडणीची शिकारी रायफल तयार करीत असे.

येथें नांवाचा एक घोंटाळा आरंभींच सोडविला पाहिजे. जर्मन लोक ज्याला ७ बाय ५७ म्हणतात, त्यालाच इंग्रज कारागीर .२७५ रिग्बी म्हणतात. नळीच्या आंत जे कंगोरे असतात त्यांच्या माथ्यांमधील अंतर सात मिलिमीटर, म्हणजे इंचांत सुमारें .२७६, त्यावरून इंग्रजी नांव पडलें. गोळीचा खरा व्यास मात्र .२८४ इंच आहे. म्हणजे दोन्ही नांवें नळीवरून पडलीं, गोळीवरून एकहि नाहीं. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींवर दोन नांवें आढळलीं म्हणून दोन ग्रंथ मानणारा सूचीकार जशी चूक करितो, तशीच चूक हीं दोन काडतुसें मानणारा करितो.

आतां पूर्वपक्ष मांडूं. या बंदुकीचे भक्त तीन गोष्टी सांगतात. पहिली ही कीं, चंपावतच्या कुप्रसिद्ध नरभक्षक वाघिणीला जिनें मारिलें तीच ही बंदूक. दुसरी ही कीं, कॉर्बेट यांना नरभक्षकांवर जें यश आलें त्याचें रहस्य या लहान पण अचूक काडतुसांत आहे. तिसरी ही कीं, आफ्रिकेंत बेल यांनीं याच काडतुसानें शेंकडों हत्ती पाडिले. म्हणून कोणत्याहि जनावरास तें पुरेसें आहे.

पहिली गोष्ट तर बंदूकच खोटी पाडते. तिच्या दस्त्यावर चांदीचा एक पत्रा बसविलेला आहे. १९०७ सालीं चंपावत येथें नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. हेवेट यांनीं ही बंदूक कॉर्बेट यांना अर्पण केली, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. पराक्रमाबद्दल जें बक्षीस मिळालें तें त्याच पराक्रमाचें साधन कसें असूं शकेल? वाघीण मेली तेव्हां ही बंदूक कॉर्बेट यांच्या हातीं आलेलीच नव्हती. लेख डोळ्यांसमोर असतां त्याच्या विरुद्ध कथा वाढावी, हें वाचण्यापेक्षां मिरविण्याकडे अधिक लक्ष असल्याचें लक्षण होय.

मग ती वाघीण कशानें मेली? याचें उत्तर ग्रंथांत स्पष्ट आहे. त्या दिवशीं कॉर्बेट यांच्याजवळ .५०० बोअरची जड रायफल होती व काडतुसें केवळ तीन. तहसीलदारानें आसपासच्या गांवांतून २९८ माणसें जमवून हाका घातला होता. तिन्ही काडतुसें संपलीं, वाघीण घायाळ होऊन समोर उभी राहिली, तेव्हां कॉर्बेट धांवत तहसीलदाराकडे गेले व त्याची बंदूक घेऊन परतले. नेम धरतांना त्यांना दिसलें कीं, त्या बंदुकीच्या नळ्या व मागचा ठोकळा यांमध्यें इंचाच्या तीन अष्टमांश एवढी फट आहे. तरीहि सुमारें वीस फुटांवरून त्यांनीं ती झाडली. गोळी उघड्या जबड्याला न लागतां उजव्या पंजाला लागली; पण आधींच्या जखमांनीं वाघीण शेवटच्या घटका मोजीत होती, ती तेवढ्यानें कोसळली. हा वृत्तान्त लेखकानें स्वतःच दिलेला आहे. आपला शेवटचा नेम चुकला हें सांगण्याची त्यांना गरज नव्हती. जो साक्षीदार स्वतःच्या कीर्तीला बाध आणणारी गोष्ट आपण होऊन सांगतो, त्याच्या शब्दाचें वजन वाढतें. घटनेनंतर कित्येक वर्षांनीं लिहिला असूनहि हा वृत्तान्त आम्हांस विश्वसनीय वाटतो, तो याच कारणानें.

याच प्रकरणाच्या अखेरीस ग्रंथकार सांगतात कीं, कांहीं महिन्यांनीं नैनिताल येथील दरबारांत सर जॉन हेवेट यांनीं चंपावतच्या तहसीलदाराला एक बंदूक, आणि वाघिणीनें नेलेल्या मुलीच्या शोधांत जो मनुष्य कॉर्बेट यांच्याबरोबर गेला होता त्याला एक सुंदर शिकारी सुरी अर्पण केली. दोन्हींवर योग्य लेख कोरलेले होते, व तीं त्या त्या घराण्यांत वारसा म्हणून राहतील, अशी अपेक्षाहि त्यांनीं व्यक्त केली आहे. स्वतःला मिळालेल्या रायफलीचा तेथें उल्लेख नाहीं. ग्रंथ जी गोष्ट सांगत नाहीं ती पत्रा सांगतो, आणि पत्रा ज्या दोघांविषयीं मौन धरतो त्यांची नोंद ग्रंथांत आहे. दोन्ही साधनें एकत्र ठेविलीं म्हणजे चित्र पुरें होतें : बक्षिसें तीन होतीं, आणि यश एका मनुष्याचें नव्हतें.

दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. ११ एप्रिल १९३० रोजीं चौगढची वाघीण मेली तो प्रसंग या बंदुकीच्या कीर्तीचा मुकुटमणि समजला जातो. डाव्या हातांत पक्ष्याचीं अंडीं, उजव्या हातांत बंदूक, आणि वळून पाहतात तों सुमारें आठ फुटांवर वाघीण! कॉर्बेट यांनीं एका हातानेंच बंदूक हळूहळू वळवून गोळी झाडली. ती बंदूक हीच रिग्बी, असें संग्राहक धरतात. तें मान्य केलें तरी लेखकानें दिलेली कारणमीमांसा पाहावी. प्रतिकूल वाटणाऱ्या पण वस्तुतः अनुकूल ठरलेल्या तीन गोष्टी ते मोजतात : हातांतील अंडीं, हलकी बंदूक, आणि वाघीण नरभक्षक असणें. बंदुकीची जी प्रशंसा येथें आहे ती तिच्या वजनाची. काडतुसाच्या बळाची नव्हे. उलट १९३८ सालीं ठाक येथें, नरभक्षकांवरील आपल्या अखेरच्या मोहिमेंत, त्यांच्या हातीं .४५०/४०० ची जड दुनळी रायफल होती. तात्पर्य, जसा प्रसंग तसें साधन ते निवडीत. एकाच शस्त्रावर सर्व यश लादणारा वाचक ग्रंथाचीं आपल्या आवडीचींच पानें वाचतो, असें म्हणणें भाग आहे.

तिसरी गोष्ट बेल यांची. वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानें आपल्या आयुष्यांत हजाराहून अधिक हत्ती मारिले व त्यांतील बरेचसे याच सात मिलिमीटरच्या काडतुसानें, हें खरें आहे. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’ या ग्रंथांत मात्र या यशाचें कारणहि सांपडतें. हत्तीच्या प्रचंड मस्तकांत मेंदू नेमका कोठें असतो हें त्यांनीं कवटी चिरून अभ्यासिलें होतें. वेगवेगळ्या बाजूंनीं तेथवर पोहोंचण्याचा मार्ग त्यांना ठाऊक होता, आणि त्या मार्गानें न वाकतां आंत शिरणारी लांब, घन, अखंड आवरणाची गोळी ते वापरीत. जर्मन बनावटीचीं हीं काडतुसें ऐनवेळीं दगा देत नाहींत, हाहि त्यांच्या पसंतीचा एक भाग होता. आतां ‘बेल यांनीं मारिले, म्हणून काडतूस पुरेसें’ या अनुमानांतील हेतु पाहावा. शरीररचनेचें ज्ञान ही उपाधि त्यांत लपलेली आहे. ती काढून घेतली कीं हेतु सोपाधिक, म्हणजे दुष्ट, ठरतो. ज्याला तें ज्ञान नाहीं त्याच्या हातीं हेंच काडतूस जनावराला जखमी करून झाडींत पाठविण्यापलीकडे फारसें कांहीं करणार नाहीं.

तिन्ही भ्रमांचें मूळ एकच आहे. पाणिनीनें क्रियेच्या सिद्धींत सर्वांत अधिक साहाय्य करणाऱ्यास करण म्हटलें, आणि जो स्वतंत्र त्यास कर्ता म्हटलें. वक्त्याची इच्छा असेल तर करणालाहि कर्त्याच्या आसनावर बसवितां येतें. ‘तलवार छान कापते’ असें आपण सहज बोलतों. बोलण्यांत व काव्यांत ही मुभा शोभते. इतिहासांत ती घेतली कीं, हात निघून जातो व तलवार एकटी कापूं लागते. ‘रिग्बीनें नरभक्षक मारिले’ हें वाक्य याच जातीचें आहे.

हा दोष परक्यांचाच आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख २०२४ सालीं साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलें, तेव्हां हाच प्रश्न आपल्या दारीं उभा राहिला होता. त्याच्या पेटीवरील लेख तें शिवाजी महाराजांचें म्हणून सांगतो, साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला तें पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाल्याचें सांगतो, आणि त्यानें मारल्या गेलेल्या सरदाराला मोगल म्हणतो. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हें येथील शाळकरी मुलगाहि जाणतो. १६५९ सालीं वापरलें गेलेलें वाघनख तेंच, याची खात्री करतां आलेली नाहीं, असें खुद्द संग्रहालयानेंच सांगितलें आहे. दानाचा लेख दानाविषयीं साधार प्रमाण असतो. त्यापूर्वींच्या पराक्रमाविषयीं तो केवळ ऐकीव साक्ष असतो. रिग्बीच्या पत्र्यालाहि हाच न्याय लागू आहे. फरक इतकाच कीं, येथें लेख निर्दोष असून वाचणारेच चुकले आहेत.

यावरून या बंदुकीचें महत्त्व कमी होतें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. १९०७ च्या घटनेचा ती एक समकालीन कोरीव पुरावा आहे, आणि हें मोल कल्पित पराक्रमापेक्षां मोठें आहे. १९४७ सालीं कॉर्बेट हिंदुस्थान सोडून केनियांत गेले व १९५५ सालीं तेथेंच वारले. पुढें ही रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे होती. २०१५ सालीं रिग्बी कंपनीनें ती मिळविली, व २०१६ सालीं ती पुन्हां कुमाऊँत आणून लोकांस दाखविली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या देशांत अशा शस्त्राला शिकारीचें प्रयोजन उरलेलें नाहीं. साधन म्हणून तिची किंमत आतां केवळ इतिहासाला आहे. म्हणूनच तिचा इतिहास शुद्ध असला पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. त्या तीन बक्षिसांपैकीं साहेबाच्या हातचें तेवढें जगभर मिरवत आहे. ज्यानें हाक्याला २९८ माणसें उभीं केलीं त्या तहसीलदाराची बंदूक, आणि मृत मुलीच्या मागावर जिवावर उदार होऊन जंगलांत शिरलेल्या त्या पहाडी मनुष्याची सुरी, यांचें कोणी नांवहि काढीत नाहीं. दोन्हींवर लेख आहेत, म्हणजे दोन्ही ओळखतां येण्याजोग्या आहेत. कुमाऊँकडे जाणें-येणें असलेल्या आमच्या एखाद्या सभासदानें त्या घराण्यांचा माग काढावा, लेखांचे ठसे घ्यावे व ते या त्रैमासिकाकडे पाठवावे. एका रायफलीची शंभरावी स्तुति छापण्यापेक्षां हे दोन ठसे छापण्यांत आम्हांस अधिक धन्यता वाटेल.