सिडनीतली गावपळण

सचिन तेंडुलकरच्या कसोटीतल्या ५१ शतकांमध्ये देखणी शतकं पुष्कळ आहेत. पर्थचं ११४, चेन्नईचं १५५, चेन्नईचंच १३६. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सिडनीत २००४ मध्ये केलेल्या नाबाद २४१ धावांना देखणं म्हणणारे फार भेटत नाहीत. तरी रसग्रहणासाठी एकच खेळी निवडायची तर मी तीच निवडेन. या खेळीत त्याने आपला सगळ्यात देखणा फटका, कव्हर ड्राइव्ह, ठरवून बाजूला ठेवला. ४३६ चेंडू, ६१३ मिनिटं, ३३ चौकार. २४१ पैकी १८८ धावा लेग साइडला आणि ऑफला फक्त ५३. धावांची दिशा दाखवणारा या खेळीचा आलेख पाहिला, तर मैदानाचा जवळजवळ अर्धा भाग रिकामाच दिसतो. तो भाग त्याने का सोडला आणि सोडून काय मिळवलं, हे उलगडणं म्हणजेच ही खेळी वाचणं.

आधी त्या खेळीच्या अगोदरचं वर्ष पाहायला हवं. २००३ च्या मार्चमध्ये हाच माणूस विश्वचषकात ६७३ धावा करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मग बोटाची शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंड आलं तेव्हा ८, ७, ५५, १. मग सिडनीच्या आधी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला शून्य, ॲडलेडला १ आणि ३७, मेलबर्नला शून्य आणि ४४. वर्षभरात कसोटीत नऊ डाव, १५३ धावा, सरासरी १७. तिशीच्या फलंदाजाच्या नावापुढे असे आकडे लागले की लोक त्याच्या नजरेविषयी, पायांविषयी, वयाविषयी बोलू लागतात. सचिनविषयीही बोलले. दुसरीकडे याच मालिकेत द्रविड ॲडलेडला २३३ आणि नाबाद ७२ करून सामना जिंकून देत होता, लक्ष्मण त्याच्या जोडीला उभा होता. संघ चालत होता. अडखळत होता तो एकटा सचिन, आणि हे एकटेपण सामना हरण्यापेक्षा जड असतं असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या त्या पाच बाद होण्यांकडे जरा नीट पाहूया. ब्रिस्बेनला गिलेस्पीचा चेंडू बॅट वर उचलून सोडला आणि पंचांनी पायचीत दिलं. चेंडू यष्टींच्या वरून जात होता. ॲडलेडला बिकेलच्या बाहेरच्या चेंडूला बॅट लागली आणि मागे गिलख्रिस्टने झेल घेतला. दुसऱ्या डावात मॅकगिलने पायचीत केलं. मेलबर्नचं शून्य तर लेग साइडला जाणाऱ्या चेंडूवर, पुन्हा गिलख्रिस्टच्याच हातात. पाचव्या वेळी विल्यम्स, आणि झेल गिलख्रिस्टचाच. या पाचांत कव्हर ड्राइव्ह हा एकमेव गुन्हेगार अजिबात नाही. रोग एका फटक्याचा असता तर इलाज तंत्राचा असता. इथे दर वेळी वेगळीच वाट फुटत होती, म्हणजे गडबड हातात नव्हती, निर्णयात होती. थोरला भाऊ अजित तेंडुलकर यांनी नेमकं हेच ओळखलं. सचिनने नंतर सांगितलं आहे की अजितने त्याला तंत्र बदलायला सांगितलंच नाही. चूक मनाच्या शिस्तीची आहे असं सांगितलं आणि एक आव्हान दिलं: सिडनीला दोन्ही डावांत नाबाद राहून दाखव.

शतक कर असं सांगितलं नाही, धावा कर असंही नाही. बाद होऊ नकोस, एवढंच. शिवाजी पार्कच्या नेट्समध्ये वाढलेल्या मुलाला हे मागणं नवं नव्हतं. त्याचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचं ते नाणं. शेवटपर्यंत कुणालाच बाद करता आलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. किती धावा काढल्या याला त्या खेळात मोल नव्हतं, अभेद्य राहिलास का एवढंच विचारलं जाई. सर मूळचे आमच्या मालवणचे, आणि आडनाव सांगतं ते आचरे गाव मालवण तालुक्यातच. या किनाऱ्यावर सरांविषयी बोलताना लोकांचा आवाज बदलतो. सचिनने आपली पन्नाशी २०२३ मध्ये आमच्या भोगव्याच्या किनाऱ्यावर साजरी केली तेव्हाही इथल्या जुन्या माणसांनी पहिल्यांदा आठवण काढली ती सरांची. २ जानेवारी २०१९ ला सर गेले. सिडनीची ती कसोटी सुरू झाली तीही तारीख २ जानेवारी. त्या दोन दिवसांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर आहे, पण मला ते नेहमी एकत्रच आठवतात.

आता खेळी. भारतीय वेळेनुसार पहाटे पाचला सामना सुरू व्हायचा. गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, सेहवाग आणि आकाश चोप्राने १२३ धावांची सलामी दिली, आणि ते दोघे गेल्यावर सचिन आला. स्टीव्ह वॉचा तो निरोपाचा सामना होता आणि मैदान त्याच्यासाठी भरलेलं होतं. ऑस्ट्रेलियाची योजना मालिकाभर एकच होती: ऑफ स्टंपच्या बाहेर टाकत राहायचं, त्याला पुढे ओढायचं, मागे यष्टिरक्षक आणि स्लिप वाट पाहत उभे. कव्हर ड्राइव्हमध्ये पुढचा पाय चेंडूकडे जातो, बॅट शरीरापासून दूर जाते, आणि चेंडू शेवटच्या क्षणी किंचित हलला की कड लागते. फटक्याचं सौंदर्य आणि फटक्याचा धोका एकाच जागी बसलेले असतात. सचिनने ते आमंत्रणच नाकारलं. बाहेरचा चेंडू सोडायचा. पुन्हा बाहेरचा, पुन्हा सोडायचा. ज्या चेंडूवर पूर्वी त्याची बॅट आपोआप निघायची, त्या चेंडूवर ती आता खांद्याजवळ थांबलेली दिसते.

मग गोलंदाजाचं काय होतं? ली असो, गिलेस्पी असो, ब्रॅकन असो, आपण टाकतोय त्याला समोरचा हातच लावत नाही हे त्याला फार वेळ सोसवत नाही. बळी हवा तर यष्टीवर टाकावं लागतं. चेंडू थोडा आत येतो, मधल्या यष्टीवर, कधी पायांवर, आणि तिथे सचिनचं मनगट तयार असतं. फ्लिक मिडविकेटला, सरळ बॅटने मिडऑनच्या बाजूने, मॅकगिलच्या लेगस्पिनला पॅडल. ३३ पैकी २८ चौकार लेगला गेले ते असे. आमच्या मालवणच्या बोर्डिंग मैदानावर टेनिस चेंडूच्या स्पर्धांत सरळ चेंडू ओढून लेगला भिरकावणारे बहाद्दर पुष्कळ आहेत. सचिनचं लेगला खेळणं त्या जातीचं नव्हतं. तो आडवा झाला नाही, डोकं चेंडूच्या रेषेतून हललं नाही. गोलंदाजाने आपली रेषा सोडून त्याच्या रेषेत यावं, एवढीच त्याने वाट पाहिली. बचाव करणारा माणूस हळूहळू समोरच्याला हवं तिथे टाकायला लावतो, हे या खेळीचं खरं नाट्य आहे.

आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-वासरं, कोंबडी-कुत्री घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातं. घरं रिकामी, वाडे रिकामे. घराचा कंटाळा आला म्हणून कुणी जात नाही. घर आपलंच आहे, परत यायचंच आहे, आणि म्हणूनच ते काही काळ सोडता येतं. सचिनने कव्हरचा प्रदेश सोडला तो मला असाच वाटतो. ज्याला कव्हर ड्राइव्ह येतच नाही त्याने तो न मारणं ही उणीव झाली. त्या फटक्यावर ज्याची मालकी आहे त्याने तो मोडून न टाकता, त्याची निंदा न करता, मोजक्या दिवसांपुरता बंद ठेवला, तर ती साधना होते. सचिननेही तो बंद ठेवला होता नेमका तीन दिवस.

आणि मोह किती जवळ होता पाहा. समोरच्या टोकाला लक्ष्मण होता. दोघांची भागीदारी ३५३ धावांची. लक्ष्मण २९८ चेंडूंत १७८, त्यात ३० चौकार. सचिनने सोडलेल्या प्रदेशात लक्ष्मण मुक्त फिरत होता, कव्हरमधून चेंडू असे जात होते की पाहणाऱ्याने हातातला चहा विसरावा. तासन् तास हे बावीस यार्डांवरून बघायचं आणि आपला हात आवरायचा! त्या दिवसांत लक्ष्मणशी बरोबरी करायची नाही असं ठरवल्याचं सचिन सांगतो. मला ही ओळ सगळ्या खेळीतली सर्वांत अवघड वाटते. गोलंदाजाचा मोह टाळता येतो, तो शत्रू असतो. सोबत्याच्या सुंदर खेळाचा मोह टाळायला वेगळीच ताकद लागते.

आक्षेप आहेत. खेळपट्टी सपाट होती, मॅकग्रा आणि वॉर्न दोघेही त्या मालिकेत नव्हते, सलामीने गोलंदाज आधीच थकवले होते. सगळं खरं. लीने ४ बळींसाठी २०१ धावा दिल्या, मॅकगिलला १४६ धावांत एकही बळी नाही, यावरूनच कळतं. भारताने ७ बाद ७०५ वर डाव सोडला; एवढा डोंगर एकट्या शिस्तीने उभा राहत नाही. पण मेलबर्नच्या दुसऱ्या डावात तो ४४ पर्यंत पोचला होता आणि तरी बाहेरच्या चेंडूने त्याला नेलं होतं. खेळपट्टी धावा देते, निर्णय देत नाही.

पडत्या काळातून वर येण्याची ही रीत क्रिकेटपुरती नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा, चेंडू कुणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा खेळाडू. जिम प्लंकेट १९७१ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत देशातला पहिला निवडला गेला, आणि १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला काढून टाकलं. ओकलंड रेडर्समध्ये तो राखीव म्हणून बसला. १९८० मध्ये पहिल्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला म्हणून मैदानात उतरवलं तर त्या सामन्यात त्याच्या पाच फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेल्या. तरी त्यालाच ठेवलं. त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी १९८१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्याने तीन टचडाऊनच्या फेकी केल्या, एकही फेक गमावली नाही आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच झाला. सिडनी पाहणाऱ्याला यातल्या तीन टचडाऊनपेक्षा ‘एकही गमावली नाही’ ही बाब ओळखीची वाटेल.

पण प्लंकेटला आणि सचिनला एक गोष्ट मिळाली: पुढचा सामना. मेलबर्नच्या शून्यानंतर सचिन सिडनीत खेळणार का, हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारला नाही. सरांचा दुसरा शिष्य विनोद कांबळी. आझाद मैदानावर १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची नाबाद भागीदारी झाली तेव्हा कांबळी ३४९ वर होता, सचिन ३२६ वर. कांबळी सतरा कसोटी खेळला, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये, वय तेवीस. त्यानंतर त्याला कसोटीत आपली सिडनी शोधायची जागाच मिळाली नाही. याची कारणं अनेक सांगितली जातात, त्यात मी जात नाही. एवढंच म्हणतो की एखाद्याची कारकीर्द सावरेल का, हा प्रश्न आपण नेहमी त्या खेळाडूला विचारतो. तो निवड समितीच्या टेबलावरही तितकाच ठेवायला हवा. शिस्त लावून घ्यायलासुद्धा मैदान लागतं.

दुसऱ्या डावात सचिन नाबाद ६०. दोन्ही डाव, दोन्ही नाबाद. अजितचं मागणं पूर्ण झालं, आणि शिवाजी पार्कच्या हिशोबाने दोन नाणी. सामना अनिर्णित राहिला, मालिका १-१ सुटली. तीन महिन्यांच्या आत मुलतानला तो नाबाद १९४ वर होता. घर परत उघडलं होतं.

आमच्या तालुक्यातल्या शाळांत क्रिकेट शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलांना ही खेळी दाखवाल तर चौकारांचं संकलन दाखवू नका. दहा-बारा मिनिटांच्या त्या तुकड्यात ३३ फटके सापडतात आणि उरलेले ४०३ चेंडू कापलेले असतात. म्हणजे जे बघायचं तेच कापलेलं. दाखवायचा तो पहिला दिवस. त्या संध्याकाळी भारत ३ बाद २८४ आणि सचिन नाबाद ७३. पुढे द्विशतक आहे, ७०५ आहेत, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सतराची सरासरी घेऊन आलेला एक माणूस बाहेरचा प्रत्येक चेंडू पाहत होता आणि जाऊ देत होता.